बटणांआधीचा नकाशा

भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी 7,516.6 किलोमीटर, हा आकडा स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या 2023-24 च्या वार्षिक अहवालात तो 11,098.81 किलोमीटर झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला जुन्या हिशेबात सुमारे 653 किलोमीटर होते, ते नव्या हिशेबात 878 च्या घरात गेले. समुद्र आत आला नाही की कोकण लांबलं नाही. 1970 च्या दशकातली मोजणी 1:45,00,000 प्रमाणाच्या माहितीवरून झाली होती, नवी 1:2,50,000 प्रमाणाच्या माहितीवरून झाली. लहान प्रमाणाच्या नकाशात कोकणातल्या बहुतेक खाड्या एका रेघेत मिटून जातात. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात त्यांची तोंडं उघडतात, मोजणारी रेघ आत शिरते, वळसा घेऊन बाहेर येते आणि लांबी वाढते.

जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) शिकलेल्या विद्यार्थ्याला किनाऱ्याची लांबी काढायला आज काही सेकंद पुरतात. दोन वेगळ्या प्रमाणांच्या लेअरवर दोन उत्तरं येतील, दोन्ही दशांश चिन्हापुढे भरपूर आकड्यांसह. त्यातलं कोणतं कशासाठी वापरायचं, हे सांगणारं बटण कुठल्याच मेनूत नाही. नकाशाशास्त्र आणि भूस्थानिक ज्ञान शिकवताना सॉफ्टवेअरला किती जागा द्यायची, हा वाद गेली पस्तीस वर्षं जगभर चालू आहे, आणि तो नेमका इथे अडतो. या वादात माझी बाजू आधीच सांगतो. बटण दाबण्याआधी उत्तर साधारण काय येईल हे ज्याला सांगता येतं, त्याला विषय आला. ज्याला फक्त बटणांचा क्रम येतो, त्याला एका कंपनीच्या एका आवृत्तीचा क्रम आला.

त्या क्रमाचं आयुष्य किती असतं, ते एस्री कंपनीच्या उदाहरणावरून कळतं. 1990 च्या दशकात आर्कव्ह्यू हे सॉफ्टवेअर शिकवलं जाई, आणि त्यात स्वयंचलन करायचं तर ॲव्हेन्यू नावाची खास भाषा शिकावी लागे. नव्या शतकात आर्कमॅप आलं, ॲव्हेन्यू मोडीत निघाली, पुढे पायथॉन आली. मग आर्कजीआयएस प्रो आलं आणि आर्कमॅपच्या निवृत्तीची तारीख 1 मार्च 2026 अशी जाहीर झाली. ज्या शिक्षकाने ॲव्हेन्यूवर उमेदीची वर्षं घालवली, त्याच्या हाती त्यातलं काय उरलं? बफर म्हणजे काय, दोन लेअर एकमेकांवर ठेवून छेद काढणं म्हणजे काय, बिंदू बहुभुजाच्या आत आहे की बाहेर हे कसं ठरतं, एवढं उरलं. बाकीचं कंपनीने परत नेलं.

हे ओळखून अभ्यासक्रम आखण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले होते. अमेरिकेत मायकेल गुडचाइल्ड आणि कॅरन केम्प यांनी संपादित केलेला मूलभूत अभ्यासक्रम 1990 मध्ये आला. गुडचाइल्ड यांनी 1992 मध्ये ‘भौगोलिक माहिती विज्ञान’ अशी स्वतंत्र ज्ञानशाखा मांडली. जीआयएस हे साधन की शास्त्र, यावर 1997 मध्ये अमेरिकी भूगोलज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात रीतसर चर्चा झाली. 2006 मध्ये दोन मोठे दस्तऐवज निघाले. एकाने शालेय शिक्षणात अवकाशीय विचाराला भाषा आणि गणिताच्या बरोबरीचं स्थान मागितलं. दुसऱ्याने या विषयात काय काय येतं याची यादीच केली: 10 ज्ञानक्षेत्रं, 73 घटक, 329 विषय. यादी मोलाची आहे, पण 329 विषय कोणता शिक्षक दोन सत्रांत शिकवणार? त्यामुळे वेर्नर कून यांनी 2012 मध्ये मांडलेली दहा गाभ्याच्या संकल्पनांची मांडणी मला जास्त कामाची वाटते. स्थान, शेजार, क्षेत्र, वस्तू, जाळं, घटना. आणि त्यांच्या जोडीला माहितीचा बारीक-जाडपणा, अचूकता, अर्थ आणि मूल्य. यात एकाही सॉफ्टवेअरचं नाव नाही. डाना टॉमलिन यांचं नकाशा-बीजगणित त्याही आधीचं. जाळीतल्या एका चौकटीवरचं गणित, शेजारच्या चौकटी धरून केलेलं गणित आणि एका विभागापुरतं केलेलं गणित, असे तीन प्रकार त्यांनी दाखवले. ते चौकटीच्या वहीत पेन्सिलने करता येतात आणि आजच्या प्रत्येक रास्टर सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे सापडतात.

बाहेरचा इतिहास एवढा पुरे. संकल्पना आधी शिकवणं म्हणजे प्रत्यक्षात काय करणं, ते आपल्याकडच्या जमिनीवर पाहू.

पुण्याजवळचं बरोबर एक एकराचं शेत घ्या. गुंठा म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मोबाइलवर आणि बहुतेक संकेतस्थळांवर दिसणारा नकाशा वेब मर्केटर प्रक्षेपणात असतो. त्याच प्रक्षेपणात, कागद सपाट आहे असं धरून या शेताचं क्षेत्रफळ काढलं, तर चाळीसऐवजी सुमारे पावणेपंचेचाळीस गुंठे भरतात. तेच शेत नागपूरजवळ असतं तर सव्वाशेहेचाळीसच्या आसपास भरले असते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पृथ्वीचा आकार लक्षात घेऊन मोजण्याची सोय सुरू असेल, त्यात उत्तर बरोबर येईल. जिथे ती बंद असेल, किंवा विद्यार्थ्याने लेअरच्या भूमितीवर थेट सूत्र चालवलं असेल, तिथे चुकीचं येईल. दोन्ही वेळा पडद्यावर शेत सारखंच दिसतं आणि चुकीची सूचना कुठेच येत नाही.

हे फळ्यावर शिकवायला दहा मिनिटं लागतात. मर्केटरच्या नकाशात ध्रुवाकडे जावं तसं सगळं ताणलं जातं, पूर्व-पश्चिमही आणि उत्तर-दक्षिणही. म्हणून तर 21.7 लाख चौरस किलोमीटरचं ग्रीनलंड 32.9 लाखांच्या भारतापेक्षा कितीतरी पट मोठं दिसतं. ताण किती, हे अक्षांशाच्या कोसाइनवरून कळतं. पुण्यासाठी 18.5 अंशांचा कोसाइन 0.948. एकाला त्याने दोनदा भागलं की 1.112 येतं, आणि पृथ्वीच्या चपटेपणामुळे त्यात किंचित भर पडते. दहावीच्या मुलाच्या आवाक्यातलं हे गणित आहे. ते एकदा हाताने केलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ काढण्याआधी लेअरचं प्रक्षेपण पाहतो, कारण काय बिघडू शकतं आणि किती, हे त्याला ठाऊक असतं.

याचंच पुढचं पाऊल म्हणजे यूटीएम या प्रक्षेपणाचे विभाग, म्हणजे रेखांशानुसार पाडलेले उभे पट्टे. 78 अंश पूर्व रेखावृत्तावर हे विभाग बदलतात, आणि ती रेघ अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जाते. अमरावती 43 व्या विभागात, वर्धा 44 व्या. विदर्भातल्या विद्यापीठांत शिकवणाऱ्यांना याहून सोयीचं उदाहरण मिळणार नाही. आजची सॉफ्टवेअरं मात्र वेगवेगळ्या प्रक्षेपणांतले लेअर आपोआप जुळवून दाखवतात. काम करणाऱ्याला ही सोय आहे, शिकणाऱ्याच्या नजरेआड मात्र ती नेमकी शिकण्याची गोष्ट करते. म्हणून पहिल्या काही तासिकांत ही सोय बंद ठेवावी आणि दोन लेअर एकमेकांपासून दूर पडलेले विद्यार्थ्याला दिसू द्यावेत.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती डेटमची, म्हणजे स्थान मोजताना पृथ्वीचा कोणता आकार आधार धरला याची. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट ज्या लंबगोलावर बेतली होती, तो सर्वेक्षक एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जातो आणि 1830 चा आहे. सर्वेक्षक लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून जे त्रिकोणीकरण सुरू केलं, त्याच मोजणीच्या पुढच्या टप्प्यातून तो आला. भारताला नीट बसेल असा तो निवडला होता, साऱ्या पृथ्वीला नव्हे. जीपीएस वापरतं तो डब्ल्यूजीएस-84 साऱ्या पृथ्वीसाठी आहे. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने जनतेसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-84 वर आणायचं ठरवलं, पण महाविद्यालयांच्या कपाटांत अजून जुनी टोपोशीटच आहेत. त्यावरून वाचलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसमध्ये घातले, तर पुणे परिसरात माणूस मूळ जागेपासून शंभर मीटरहून अधिक दूर जाऊन उभा राहील. जागा बदललेली नाही, ती मोजायचं माप बदललं आहे, हे समजायला संगणक लागत नाही. उलट संगणकावर ‘डेटम ट्रान्सफॉर्मेशन’ची लांबलचक यादी समोर आली की विद्यार्थी पहिला पर्याय निवडून पुढे सरकतो.

समोच्चता रेषांचं शिक्षण हा मला या सगळ्या प्रश्नातला सर्वांत आशेचा भाग वाटतो, कारण महाराष्ट्रात तो वर्गाबाहेर यशस्वी होऊन दाखवलेला आहे. पाणलोटाच्या कामात, आणि 2016 पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या प्रशिक्षणांत, गावकरी हायड्रोमार्कर वापरायला शिकले. साधन साधं: दोन लाकडी पट्ट्या, त्यांवर आकडे, आणि दोन्हींना बांधलेली पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक जण पट्टी धरून जागेवर उभा राहतो. दुसरा उतारावर थोडा वर, थोडा खाली सरकत राहतो. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्यावर थांबलं की त्या दोन जागा समपातळीत. तिथे फक्की टाकायची आणि पुढे निघायचं. दुपारपर्यंत डोंगरउतारावर पांढरी रेघ उमटते. नाला आला की ती आत, उगमाच्या दिशेने वळते. सोंड आली की बाहेर झुकते. उभ्या चढावर वरची-खालची रेघ जवळ येते, सपाटीवर दूर जाते. दोन रेघा कधीच एकमेकींना छेदत नाहीत, कारण एकच जागा एका वेळी दोन उंचींवर असू शकत नाही.

पाठ्यपुस्तकात समोच्चता रेषांचे जे गुणधर्म पाच गुणांसाठी पाठ केले जातात, ते ही माणसं पायाने चालून शिकली. सलग समपातळी चर कुठे खणायचा, पाणी माथ्यापासून पायथ्याकडे कसं अडवायचं, याचा निर्णय त्यांनी त्या रेघेवरून घेतला. अशी रेघ स्वतः आखलेल्या विद्यार्थ्याला नंतर संगणकावर उंचीची माहिती द्या आणि समोच्चता रेषा काढायला सांगा. मोफत मिळणाऱ्या एसआरटीएम माहितीत एक चौकट साधारण 30 मीटरची असते आणि उंचीत काही मीटरची चूक असते. सॉफ्टवेअरमध्ये अंतर म्हणून ‘1’ लिहिलं की ते निमूटपणे एकेका मीटरच्या रेषा काढून देतं, आणि नकाशा भारदस्त दिसतो. फक्की टाकलेला विद्यार्थी त्या गुंतवळीकडे पाहून म्हणतो की बांधाच्या उंचीएवढे फरक या माहितीतून कळणं शक्य नाही. ज्याने फक्त संगणकावर काम केलं आहे, तो हाच नकाशा अहवालात लावतो, आणि त्यावरून कुणीतरी चर खणतं.

आकडेवारीच्या नकाशांचंही असंच आहे. आपल्या नववीच्या भूगोलात टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत आणि समघनी पद्धत शिकवली जाते, आणि ती चांगली शिकवली जाते. पुढे महाविद्यालयात हीच गोष्ट इंग्रजी मेनूतून समोर येते आणि नववीचा धागा तुटतो. सातारा जिल्ह्याचा पाऊस घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्हा हे एकक धरून क्षेत्रघनी नकाशा काढला की सातारा एका समाधानी रंगात रंगतो आणि माणचा दुष्काळ नकाशावरून नाहीसा होतो. तालुका धरला की तो दिसतो. मंडळ धरलं तर आणखी वेगळं काही दिसेल. सीमा बदलल्या की निष्कर्ष बदलतो, यावर स्टॅन ओपनशॉ यांनी 1980 च्या दशकात सविस्तर लिहिलं. एकाच वर्गात तीन गटांना तीन एककं देऊन रंगीत पेन्सिलींनी तीन नकाशे काढायला लावले आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावले, तर हा धडा विसरला जात नाही. मदत कोणत्या गावाला मिळणार, हे अशा नकाशांवरून ठरतं, म्हणून तो विसरला जाऊ नये असं मला फार वाटतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की सॉफ्टवेअर बाजूला ठेवून जुन्या जर्नलकडे परत जावं. तसं मी म्हणत नाही. आपल्या विद्यापीठांत कित्येक वर्षं विद्यार्थ्यांनी शंकू प्रक्षेपण, दंडगोल प्रक्षेपण कंपास आणि पट्टीने काढलं, शाई फिरवली, जर्नलवर सही घेतली. त्यांतल्या बहुतेकांना हे प्रक्षेपण कुठल्या कामासाठी निवडायचं, हे कधी विचारलं गेलं नाही. ती हाताने दाबलेली बटणंच होती. कागदावर केलेलं काम आपोआप संकल्पना होत नाही, आणि संगणकावर केलेलं आपोआप पोपटपंची होत नाही.

संगणकाचं एक काम तर कागदाला कधीच जमलं नसतं. क्षेत्रघनी नकाशात वर्ग पाडण्याची पद्धत बदलली की नकाशाचा अर्थ कसा बदलतो, हे सॉफ्टवेअर क्षणात दाखवतं. समान अंतराचे वर्ग, समान संख्येचे वर्ग, नैसर्गिक खंडांवर पाडलेले वर्ग, सगळे एकाच माहितीवर एकामागून एक. वर्गासमोर हे करावं आणि प्रत्येक बदलाआधी विद्यार्थ्यांना विचारावं: आता कोणता तालुका गडद होईल? सॉफ्टवेअर वापरून संकल्पना शिकवायची ती अशी.

मुक्त सॉफ्टवेअर आलं म्हणजे हा प्रश्न सुटला, असाही एक समज आहे. क्यूजीआयएसने लहान महाविद्यालयांना परवान्याच्या खर्चातून सोडवलं, हे उपकार मोठे आहेत. पण क्यूजीआयएसची पुस्तिकाही ‘इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा’ अशी लिहिता येते, आणि बहुतेक तशीच लिहिली जाते. मुक्त सॉफ्टवेअरचा खरा शैक्षणिक फायदा वेगळा आहे. पडद्यामागचा सामायिक पाया त्यात उघड दिसतो. प्रोज ही प्रक्षेपणांची आणि जीडाल ही माहिती वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी असंख्य साधनांच्या तळाशी आहे. बिंदू, रेषा, बहुभुज, आणि ‘स्पर्श करतो’, ‘आत आहे’, ‘छेदतो’ ही नाती ओजीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत ठरवलेली आहेत. साधनं अनेक असली तरी कल्पना थोड्या आणि सामायिक आहेत, याचा हा पुरावा. एकच प्रश्न एकदा हाताने, एकदा क्यूजीआयएसमध्ये आणि एकदा डेटाबेसच्या एका ओळीत सोडवून घेतला, तर विद्यार्थ्याला तो पाया स्वतः सापडतो.

नोकरीचा आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. जाहिरातीत सॉफ्टवेअरचं नाव असतं. मुलाखतीला गेलेल्या मुलीला ‘मला समपातळी कळते’ एवढ्यावर काम मिळत नाही. खेड्यातून आलेल्या, घरात संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातच सफाईने हात चालवता यायला हवा, आणि तो सराव कापून काढणं त्याच्यावर अन्याय होईल. म्हणून मी सॉफ्टवेअरचे तास कमी करा असं म्हणत नाही, त्यांचा क्रम बदला म्हणतो. शिवाय काम आता सेवा कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोनने मोजमाप होतं, आणि भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीत साखळी आणि फलकयंत्राच्या जागी रोव्हर आले आहेत. रोव्हरचा आकडा आणि जुन्या टिपणावरची हद्द जुळत नाही, तेव्हा बांधावर उभे असलेले दोन भाऊ भूकरमापकाकडे पाहतात. अचूकता म्हणजे काय, जुनी मोजणी कशी झाली, फरक कुठून आला, हे त्याला त्यांच्या भाषेत सांगता आलं नाही, तर प्रकरण कोर्टात जातं. यंत्र कसं चालवायचं हे त्याला कंपनीचा माणूस दोन दिवसांत शिकवतो. बाकीचं त्याला महाविद्यालयातूनच मिळायला हवं होतं.

आता तर साध्या मराठीत सांगितलं तरी संगणक विश्लेषणाची आज्ञावली लिहून देतो. बटणांचा क्रम लक्षात ठेवण्याची किंमत वेगाने उतरते आहे, आणि आलेलं उत्तर तपासण्याची चढते आहे.

हे सगळं मान्य असलेले शिक्षक मला अनेक भेटतात, आणि तरी वर्गात फार बदलत नाही, कारण परीक्षा बदललेली नाही. प्रॅक्टिकलची ठरीव प्रश्नपत्रिका अशी असते: टोपोशीटला संदर्भ द्या, तीन लेअर काढा, उत्तर दिशा, प्रमाण आणि सूची घालून छापा. पायरी जमली की गुण. त्याऐवजी तीन तयार नकाशे द्या आणि त्यातला एक का चुकला ते विचारा. लेअरवरून काढलेलं क्षेत्रफळ आणि सात-बाऱ्यावरचं क्षेत्र द्या, आणि फरक प्रक्षेपणाचा, डेटमचा की मोजणीचा, ते ओळखायला सांगा. प्रत्येक प्रश्नाआधी अपेक्षित उत्तर पेनाने लिहून घ्या, आणि वीसपैकी पाच गुण त्या अंदाजाला ठेवा. प्रश्नाच्या शेवटी ‘कोणत्याही सॉफ्टवेअरने किंवा हाताने’ असं लिहा. याला नवी प्रयोगशाळा लागत नाही की परवाना लागत नाही. अभ्यास मंडळाची एक बैठक लागते, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला हा बदल आधी कळवावा लागतो.